नवं बिऱ्हाड, जुनी भांडी

मैत्रिणींनो, १४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस आपल्यापैकी कित्येकींच्या लक्षातही आला नसेल. दिवाळी आठवड्यावर आलेली, चकलीची भाजणी दळून यायची होती. मायक्रोसॉफ्ट कंपनी काय म्हणते इकडे बघायला वेळ कोणाला होता! पण त्या दिवशी कंपनीने विंडोज १० ची देखभाल थांबवली, आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ व ऑफिस २०१९ यांचीही.

देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला असं नव्हे. चालू आहे तो चालतोच. पण उद्या त्याच्या कुलपात काही दोष सापडला, तर तो दुरुस्त करून द्यायला कोणी येणार नाही, असा त्याचा अर्थ. घरगुती ग्राहकांना कंपनीने वर्षभराची वाढीव मुदत देऊ केली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. बरं, विंडोज ११ घालावं म्हटलं तर तिचे नखरे मोठे! टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, प्रोसेसर कंपनीच्या यादीतलाच हवा. २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप या परीक्षेत नापास होतात.

मग घरोघरी एकच होतं. नवा लॅपटॉप येतो तो मुलाला नाहीतर यजमानांना, आणि जुना "आईला पुरे" म्हणून आपल्याकडे. कॉलेजात जाणारा एखादा भाचा तो घेऊन बसतो, त्यावर लिनक्स नावाची मोफत प्रणाली घालून देतो, आणि म्हणतो, "मावशी, आता बघ कसा पळतो!" खरंच पळतो. दुसऱ्या दिवशी आपण कामाला बसतो आणि विचारतो, "अरे, माझं वर्ड कुठे गेलं?"

आज या प्रश्नाचंच उत्तर पाहू. हा प्रश्न हौसेचा नाही, बरं का. कोणी घरी बसून टंकलेखनाची कामं घेते, कोणी डब्यांचा हिशेब ठेवते, कोणी बचत गटाची वही सांभाळते, कोणी मुद्रितं तपासते. पाठवलेल्या फायलीतला तक्ता वाकडा दिसला, तर "बाईंना जमत नाही" असा शिक्का बसतो. दोष कोणत्या प्रोग्रॅमचा, हे कोणी विचारीत नाही. तेव्हा पैसे वाचवायचे, पण हातचं काम जाऊ द्यायचं नाही, हे दोन्ही साधलं पाहिजे.

बिऱ्हाड बदललं म्हणजे काय?

लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. आज जगभरचे लोक मिळून ती सांभाळतात. लिनक्स मिंट, उबुंटू ही तिचीच निरनिराळी रूपं. ती घ्यायला पैसे पडत नाहीत, आणि दहा जणींना वाटली तरी कायद्याची अडचण नाही. केरळातल्या सरकारी शाळांमधून गेली अनेक वर्षं मुलं याच जातीच्या प्रणालीवर शिकताहेत. म्हणजे ही काही उचापती मंडळींचीच मिरास नव्हे.

वर्ड आणि एक्सेल मात्र मायक्रोसॉफ्टची. लिनक्सच्या संगणकावर बसवता येईल असं ऑफिस ती कंपनी काढत नाही. त्यामुळे जुनी सीडी घातली आणि दोनदा टिचकी मारली, की काम भागत नाही. गॅसच्या शेगडीवरचं भांडं इंडक्शनवर ठेवलं तर भांडंही चांगलं असतं, शेगडीही चांगली असते, पण दूध काही तापत नाही. तसलाच हा प्रकार.

आधी कामांची यादी करा

आपल्याकडून चूक होते ती इथेच. बिऱ्हाड हलवताना काही जणी फुटकी बरणीसुद्धा बांधून घेतात. "वर्ड पाहिजेच" म्हणण्याआधी एक कागद घ्या आणि गेल्या दोन महिन्यांत ऑफिसमध्ये काय काय केलं ते चार रकान्यांत लिहून काढा.

पहिला रकाना : जे फक्त आपल्यासाठी आहे. घरखर्च, पाककृती, पत्त्यांची यादी.

दुसरा : जे दुसऱ्याने नुसतं वाचायचं किंवा छापायचं आहे. बिलं, अर्ज, निमंत्रणपत्रिका.

तिसरा : जी फाईल जाते आणि येते. तुम्ही दुरुस्त करता, पलीकडचे साहेब पुन्हा दुरुस्त करतात, परत तुमच्याकडे येते.

चौथा : मॅक्रो असलेल्या फायली. मॅक्रो म्हणजे फायलीच्या पोटात लिहून ठेवलेल्या सूचना. बटण दाबलं की बेरजा होतात, तपासण्या होतात, नवीन पान तयार होतं. आयकर खात्याची विवरणपत्राची एक्सेल फाईल या जातीची असते, आणि पुष्कळ कचेऱ्यांचे पगारपत्रकाचे तक्तेही.

पुष्कळ जणींचे पहिले दोन रकानेच भरतील. त्या कामांना विकतच्या ऑफिसची गरजच नाही. तिसऱ्याला कधी लागेल, कधी नाही. खरी अडचण चौथ्याची. आता चार वाटा सांगते, स्वस्त आणि सोप्या वाटेपासून सुरुवात करून.

१. घरचंच वापरा

लिनक्स मिंटबरोबर लिब्रेऑफिस आलेलंच असतं. ओपनऑफिस नावाच्या जुन्या मोफत प्रोग्रॅमपासून ते २०१० साली वेगळं झालं. त्यातलं रायटर म्हणजे वर्डच्या जागी, कॅल्क एक्सेलच्या जागी आणि इम्प्रेस पॉवरपॉईंटच्या जागी. वर्डच्या फायली ते उघडतं आणि त्याच प्रकारात परत ठेवतंही.

मग तक्ते वाकडे का होतात? बहुतेक वेळा फाँटमुळे. वर्डमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेले कॅलिब्री आणि केंब्रिया हे फाँट मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे, ते लिनक्सबरोबर येत नाहीत. त्यांच्या जागी भलताच फाँट बसला की ओळी लांबतात आणि तीन पानांचं पत्र चौथ्या पानावर घसरतं. यावर उपाय आहे. कॅलिब्रीच्याच मापाचा कार्लिटो आणि केंब्रियाच्या मापाचा कॅलाडिआ हे मोफत फाँट मिळतात. अक्षराचं वळण थोडं निराळं, पण रुंदी तीच, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्या मापाचे लिबरेशन फाँटही आहेत. हे तिन्ही संच आपल्या संगणकावर आहेत ना, एवढं भाच्याकडून आधी पाहून घ्या. निम्मी कटकट तिथेच संपेल.

मराठी मजकुराचं थोडं वेगळं. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कुठेही मराठीच दिसतो. विंडोजचा मंगल फाँट नसला तर लोहित किंवा नोटो त्याची जागा घेतो, फक्त ओळींची लांबी बदलते. पण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांतली फाईल उघडली, तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती भेळ दिसते. घाबरू नका, मजकूर बिघडलेला नसतो, फक्त तो फाँट तिथे नसतो. फाँट रीतसर विकत घेतलेला असेल आणि त्याच्या अटींत बसत असेल, तर त्याची फाईल लिनक्समध्ये बसवता येते. नाहीतर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. पुढेमागे ते करावं लागणारच आहे.

दुसऱ्या रकान्यातल्या कामांसाठी एकच नियम : फाईल पीडीएफ करून पाठवा. लिब्रेऑफिसमध्ये त्याचं बटणच आहे. पीडीएफ म्हणजे छापलेला कागद. समोरच्याकडे कुठलाही प्रोग्रॅम असो, पान तसंच्या तसं दिसतं.

२. गिरणीवरून दळून आणा

तिसऱ्या रकान्यातली फाईल लिब्रेऑफिसमध्ये नीट राहत नसेल, तर ही वाट. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉईंट यांची इंटरनेटवर चालणारी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट मोफत देते. खातं उघडायचं, फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये जायचं आणि तिथेच लिहायचं. काम कंपनीच्या संगणकावर होतं, आपण फक्त खिडकीतून पाहतो. म्हणून आपल्या घरी विंडोज आहे की लिनक्स, याने काही बिघडत नाही. फायली ठेवायला ५ जीबी जागाही फुकट मिळते.

फाईल खुद्द वर्डमध्येच उघडत असल्याने बदल, शेरे, तक्ते बहुतेक जागच्या जागी राहतात. उणिवाही सांगते. काही खास सोयी या आवृत्तीत नाहीत. इंटरनेट गेलं की काम थांबलं. एक्सेलचे मॅक्रो इथे चालत नाहीत. आणि आपलं पीठ परक्याच्या गिरणीत जातं, हे विसरू नका. गिऱ्हाइकाचे गोपनीय कागद तिथे ठेवायचे असतील, तर आधी त्यांना विचारा.

३. मधली जाऊ : वाईन

नावावर जाऊ नका! वाईन हा एक मोफत प्रोग्रॅम आहे. त्याचं काम १९९३ साली सुरू झालं आणि पहिली पक्की आवृत्ती २००८ साली निघाली. पंधरा वर्षं लागली, यावरूनच काम किती किचकट ते समजा.

वाईन करतं काय? समजा, नव्या सुनेला कन्नडच येतं आणि सासूबाईंना मराठीच. मधली जाऊ दोन्ही जाणते. सून म्हणते, "फडताळ उघडायचंय". जाऊबाई ते सासूबाईंना मराठीत सांगतात आणि फडताळ उघडतं. इथे वर्ड ही सून, लिनक्स ही सासू आणि वाईन ही जाऊ. विंडोज मुळी घरात आणावंच लागत नाही. म्हणून विंडोजचे पैसे नाहीत आणि जुन्या लॅपटॉपवर फारसा भारही नाही. पण सुनेने एखादा असा शब्द वापरला की जो जाऊबाईंनाही ठाऊक नाही, तर मात्र काम अडतं. कधी बटण दाबूनही काही होत नाही, कधी सगळा प्रोग्रॅमच बंद पडतो.

अनुभव असा की ऑफिस २००७ आणि २०१० यांचं वाईनशी बऱ्यापैकी जमतं. नव्या आवृत्त्यांचं आणि वर्गणी भरून घ्यायच्या ऑफिसचं सहसा जमत नाही, कारण त्यांची बसवण्याची आणि परवाना तपासण्याची पद्धत फार गुंतागुंतीची. क्रॉसओव्हर नावाचा विकतचा प्रोग्रॅम आहे. वाईनवरच बेतलेला, पण बसवायला सोपा आणि अडलं तर विचारायला माणूस असलेला. चौदा दिवस तो फुकट वापरून पाहता येतो. त्या चौदा दिवसांत आपलं खरं काम त्यावर करून पाहावं आणि मगच पैसे टाकावेत.

ऑफिस बसवल्यावर लगेच विश्वासून बसू नका. नव्या कुकरमध्ये आपण पहिल्यांदा वरण-भातच लावतो, पाहुण्यांची बिर्याणी नाही. जुन्या फायलींच्या प्रती घेऊन ही परीक्षा करा : मोठा तक्ता उघडा, चित्र घाला, फाईल ठेवून पुन्हा उघडा, छापून पाहा. मराठी कळफलक चालू करून "क्ष, ज्ञ, श्र, र्‍या, ट्र" लिहा आणि जोडाक्षरं नीट बसतात का पाहा. मॅक्रो असेल तर त्याची बेरीज एकदा हाताने पडताळा. यातलं एक जरी चुकलं, तरी पैशाचं काम त्यावर करू नका.

आणखी एक सावधगिरी. वाईन म्हणजे भिंत नव्हे. नेहमीच्या मांडणीत वाईनमधल्या प्रोग्रॅमला "झेड" नावाच्या ड्राईव्हमधून आपल्या सगळ्या फायली दिसतात. ऑफिस २००७ ची देखभाल २०१७ साली संपली, २०१० ची २०२० साली. म्हणजे अनोळखी माणसाकडून आलेली, मॅक्रो असलेली फाईल त्यात उघडणं धोक्याचं. "झेड" काढून टाकण्याची सोय वाईनच्या मांडणीतच आहे, ती भाच्याकडून करून घ्या. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. तेव्हा अनोळखी फाईल आधी गिरणीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या आवृत्तीत, उघडून पाहणं बरं.

४. पोटभाडेकरू : संगणकात संगणक

चौथ्या रकान्यातलं काम रोजचं असेल आणि त्यावर तुमची कमाई असेल, तर ही वाट. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये एक लटका संगणक उभा करायचा, त्यात खरंखुरं विंडोज आणि खरंखुरं ऑफिस घालायचं. लिनक्सच्या पडद्यावर एका चौकटीत विंडोज दिसतं. मॅक्रो, फाँट, छपाई सगळं विंडोजसारखंच, कारण ते विंडोजच असतं.

पण पोटभाडेकरू म्हटला की त्याला जागा आली आणि त्याचे कागदपत्रही आले. विंडोज ११ ला स्वतःलाच कमीत कमी ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय लिनक्सला वेगळी. म्हणजे लॅपटॉपमध्ये ८ जीबी तरी हवी. १६ असली तर दोघंही सुखाने नांदतील. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर हा खटाटोप करूच नका, दोघांनाही धाप लागेल. या विंडोजला निराळा परवाना लागतो, तो खर्चही हिशेबात धरा. वाईन आणि क्रॉसओव्हर दोन्ही जमली नाहीत, आणि पोटभाडेकरूला जागा नाही, असं असेल तर स्पष्ट सांगते : त्या एका कामासाठी घरातल्या नव्या लॅपटॉपवर हक्काने बसा. तुमच्या कमाईचं काम मुलाच्या खेळापेक्षा खालच्या पायरीवर नाही.

परवान्याचं काय?

मोफत प्रणाली घेतली म्हणून विकतचं ऑफिस फुकट होत नाही. बाजारात पन्नास-शंभर रुपयांत "सगळं घालून देतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. चोरीच्या प्रोग्रॅमबरोबर काय काय घरात शिरेल, सांगता येत नाही.

आपल्याजवळचं जुनं ऑफिस कोणत्या प्रकारचं, तेही पाहा. लॅपटॉपबरोबरच आलेलं असेल तर ते सहसा त्याच यंत्रापुरतं असतं. दुकानातून वेगळं घेतलं असेल तर बहुधा दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. त्यावर "होम अँड स्टुडंट" लिहिलं असेल, तर ते घरगुती वापरासाठीच. पैसे घेऊन केलेल्या कामासाठी त्याची परवानगी नाही. आपल्या बायका हे पुसटसं अक्षर वाचत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

काही शंका

प्रश्न : सगळं पुसण्याआधी लिनक्स पाहता येईल का?
उत्तर : जरूर. लिनक्स मिंट पेन ड्राईव्हवर घालून तिथूनच चालवून पाहता येतं, आतलं काही पुसलं जात नाही. ते जरा हळू चालतं, पण पडदा, आवाज, वायफाय आणि प्रिंटर चालतात की नाही ते कळतं. मिंटला २ जीबी मेमरी चालते, ४ असली तर बरं.

प्रश्न : मराठी टंकलेखन जमेल का?
उत्तर : जमेल. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आहेच, उच्चाराप्रमाणे लिहायची सोयही आहे. मांडणीत जाऊन मराठी निवडायची, एवढंच. जिची बोटं जुन्या टाइपरायटरच्या मांडणीला सरावलेली आहेत, तिने मात्र ती मांडणी मिळते का हे आधी पाहून घ्यावं.

प्रश्न : मुलीची एमएस-सीआयटीची परीक्षा आहे. लिब्रेऑफिसवर सराव चालेल का?
उत्तर : परीक्षेपुरता सराव वर्ड-एक्सेलवरच करू द्या; बटणांच्या जागा निराळ्या असतात आणि ऐन वेळी गोंधळ होतो. केंद्रावर मिळेल तेवढा वेळ घ्यावा, घरी इंटरनेटवरची मोफत आवृत्ती वापरावी.

प्रश्न : लिब्रेऑफिसमध्ये मॅक्रो मुळीच चालत नाहीत का?
उत्तर : साधेसुधे कधी चालतात, मोठे सहसा अडखळतात. कराच्या किंवा पगाराच्या फायलीवर हा प्रयोग नको. अर्धवट चाललेला मॅक्रो न चाललेल्यापेक्षा वाईट, कारण चूक दिसत नाही.

आता काय कराल?

एक रविवार यासाठी काढा. सकाळी आपल्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राईव्हवर उतरवा, आणि त्या उघडतात की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहा. मग चार रकान्यांची यादी करा. प्रत्येक रकान्यातली एकेक फाईल घेऊन लिब्रेऑफिसमध्ये उघडा. नाही जमली तर इंटरनेटवर. तिथेही नाही जमली तर वाईन. आणि अगदीच अडलं तर पोटभाडेकरू. ज्या वाटेवर काम झालं तिथे थांबा, पुढे जाऊ नका. भाच्याला हौस असेल, तो पहिल्याच दिवशी चौथ्या वाटेवर नेऊ पाहील. त्याला चहा द्या, पण यादी आपल्याच हातात ठेवा. काम आपलं आहे, कुठल्या फायलीवर किती जबाबदारी आहे हे त्याला नव्हे, आपल्याला ठाऊक असतं.

आणि सगळं जुळेपर्यंत जुनं विंडोज पुसू देऊ नका. महिनाभर दोन्ही ठेवा, फक्त विंडोजला इंटरनेट जोडू नका. महिन्याने पाहा, किती वेळा तिकडे जावं लागलं. एकदाही नाही, तर मग खुशाल निरोप द्या.